इनामदार साहेबांचा पुढचा दात

सरकारी नोकरीत माणसाला तऱ्हेतऱ्हेच्या सवयी लागतात. कुणाला चहाची, कुणाला रजेची, कुणाला साहेबांच्या केबिनचं दार किलकिलं करून आत कोण बसलंय ते बघायची. इनामदार साहेबांना गाठी दातांनी सोडायची सवय होती. फायलींच्या गठ्ठ्याची नाडी कितीही घट्ट असो, ते ती तोंडाशी न्यायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि बघता बघता गाठ सुटलेली असायची. हे इतकं सहज चालायचं की त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसे. पुढे फायली कॉम्प्युटरमध्ये गेल्या, नाड्या संपल्या, पण साहेबांचे दात काही रिकामे बसले नाहीत. सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेल्या पिशव्या, नव्या शर्टाला अडकवलेली चिठ्ठी, पार्सलची सुतळी, दुधाची पिशवी ही सगळी कामं आपसूक त्यांच्याकडे यायची. इनामदार वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडे कात्री आहे, फक्त ती दोन वेळा जेवते."

मी बदली होऊन दिल्लीला आलो तो त्यांच्याच हाताखाली, आणि क्वार्टर मिळालं तेही लक्ष्मीबाई नगरात त्यांच्याच ब्लॉकमध्ये. त्यामुळे साहेब मला दिवसाचे सगळे प्रहर पुरायचे. युसूफ इनामदार, मूळचे मिरजेचे. बारीक अंगकाठी, हिवाळ्यात कायम तोच राखाडी स्वेटर आणि मराठी इतकी नेटकी की आम्ही पुण्याची मंडळी त्यांच्यापुढे वाक्य आधी मनात जुळवायचो आणि मग तोंड उघडायचो. रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. घाईत असलेलंही नाही. कुठलाही निर्णय समोर आला की ते खुर्चीत मागे रेलायचे आणि म्हणायचे, "यावर अजून एक मत घेऊ." आमच्या सेक्शनमध्ये पंख्याचा रेग्युलेटर बदलायचा होता, त्यावर घेतलेली मतं पुरी होईपर्यंत उन्हाळा निघून गेला. दुसरं त्यांचं वेड म्हणजे मूळ प्रत. कागद कितीही जीर्ण असो, त्याच्यावर खाडाखोड करायची नाही, कोपरा कापायचा नाही, जे आलंय ते जसंच्या तसं राखायचं. कॉलनीतले जुने ब्लॉक पाडायचे ठरले तेव्हा माणसांना नव्या घरांची उत्सुकता होती. साहेब मात्र संध्याकाळी जाऊन एकेका कडुलिंबाखाली उभे राहून यायचे.

पण साहेबांना दिल्लीतली मराठी माणसं ओळखत ती या कशामुळेच नव्हे. दर संक्रांतीला ते ऑफिसातल्या आणि कॉलनीतल्या मंडळींची बस भरून पानिपतला, लढाईचं स्मारक आहे त्या काला अंबला न्यायचे. स्मारकाच्या बागेत एका कडेला सतरंज्या अंथरायच्या, सगळ्यांनी बसायचं आणि साहेबांनी उभं राहून लढाई सांगायची. त्यांच्या लढाईत सेनापती आणि डावपेच नावापुरतेच. ती होती एका नालबंदाची. मिरजेहून फौजेबरोबर उत्तरेत आलेला, घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांना दिसली तेवढी लढाई. असा कुणी खरंच होऊन गेला का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मोघे, एवढ्या मोठ्या फौजेत मिरजेचा एक तरी नालबंद असणारच ना." गोष्ट दरवर्षी तीच, त्याच शब्दांत. एक वाक्य इकडचं तिकडे नाही. तरी माणसं दरवर्षी रजा टाकून यायची.

या सहलीला साहेबांचा एकच नियम होता. जाताना खायचं नाही. त्या दिवशी फौज उपाशीपोटी लढली, मग आपण वाटेत मूर्थलच्या ढाब्यांवर थांबून लोण्याचे पराठे हाणून तिथे गोष्ट ऐकायला बसायचं, हे त्यांना पटत नसे. येताना हवं तेवढं खा. दिल्लीच्या थंडीत पहाटे निघालेली बस त्या ढाब्यांसमोरून न थांबता जायची तेव्हा आत जी शांतता पसरायची, ती मी सरकारी शोकसभेतही पाहिलेली नाही. एका वर्षी अकाउंट्समधले चिटणीस शालीखाली डबा उघडून बसले. माणूस देहाने भरगच्च, भूक सहन होईना. पण डब्यात लसणाची चटणी होती आणि तिने क्षणात सगळ्या बसला बातमी दिली. साहेब उठले, चिटणीसांच्या शेजारी जाऊन बसले आणि घरच्यांची ख्यालीखुशाली विचारू लागले. डब्याबद्दल अवाक्षर नाही. चिटणीसांनी तो आपणहून बंद केला. परतताना मूर्थलला त्यांनी जे काही केलं त्याला जेवण म्हणायला माझी जीभ धजत नाही.

साहेबांच्या नोकरीच्या अखेरच्या ऑक्टोबरात वरून फर्मान निघालं की जुनं रेकॉर्ड निकालात काढा. तळघरातून कापडात बांधलेले फायलींचे बस्ते वर आले. त्यांच्या गाठी आमच्या नोकऱ्यांपेक्षा जुन्या. साहेब इतक्या दिवसांनी खऱ्या कामाला बसावं तसे खुशीत होते. दुपारी एका बस्त्याशी मान तिरकी झाली, आणि टक असा आवाज आला. गाठ तशीच होती. साहेबांच्या तळहातावर त्यांच्या वरच्या पुढच्या दाताचा खालचा तुकडा होता.

खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी जिभेने जागा चाचपली, तुकडा रुमालात गुंडाळला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मोघे, अक्रोड." मला कळलं. त्या दिवसापासून साहेबांचा दात अक्रोड खाताना तुटला.

दात तुटल्याचं दुःख एरवी त्यांनी सहज गिळलं असतं. पण बोलताना आता मधूनच वारा निसटायचा, शब्द घरंगळायचे. आणि जानेवारीच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते, बिऱ्हाड मिरजेला जाणार होतं. म्हणजे येणारी संक्रांत शेवटची. लिफ्टची वाट बघत असताना ते मला हळूच म्हणाले, "यंदाची गोष्ट मला नीट सांगायची आहे. पुन्हा इकडे यायचं होणार नाही. आणि माझ्यामागे ती कोण सांगणार?" मी म्हटलं, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवू. त्यांनी मान हलवली. "रेकॉर्ड केलेलं लोक ऐकत नाहीत मोघे, साठवतात."

सरोजिनी नगरच्या बाजारात कपड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर डॉक्टर भाटियांचा दवाखाना होता. मी बरोबर गेलो. बाई मोठ्या समंजस. त्यांनी फोटो काढला, आरसा दाखवला आणि हिंदीत दोन रस्ते समजावून सांगितले. एक क्राउन. त्यात दात चहूबाजूंनी घासून खुंटीएवढा करायचा आणि त्यावर पूर्ण टोपी बसवायची. मजबूत काम, पण घासलेला दात परत येत नाही. दुसरं व्हिनीर. त्यात दात फक्त समोरून आणि कडेला जरासा खरवडायचा आणि पातळ कवच चिकटवायचं. आपला दात बराचसा शाबूत राहतो, मात्र त्याला जपावं लागतं, ओढाताण चालत नाही. तुटलंय ते इतकंच आहे की दोन्ही होऊ शकतं, असं सांगून बाई म्हणाल्या, "अब आप देख लीजिए सर, आपके ऊपर है."

सरकारी अधिकाऱ्याला हे कधी सांगू नये. साहेब खुर्चीतून उठले ते मतं गोळा करायलाच. कॅन्टीनमध्ये, बसमध्ये, कॉलनीच्या बागेत, जो भेटेल त्याला क्राउन आणि व्हिनीर यांतला फरक समजावून सांगायचा आणि मत मागायचं. संचालक क्राउन म्हणाले. त्यांचे पीए आधी व्हिनीर म्हणाले होते, संचालकांचं कळल्यावर क्राउन म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, "साहब, निकलवा दो, झंझट खतम." चिटणीसांनी नीट चावता येईल ते घ्या, एवढा एकच निकष दिला. माझ्या बायकोने विचारलं की तुम्हाला स्वतःला काय वाटतं, तर साहेब दचकले. असा प्रश्न त्यांना बहुधा कुणी विचारला नव्हता. दिवाळी गेली, नाताळ आला. रोज आरशासमोर जाऊन खुंटीची कल्पना करायची आणि परत यायचं, असं चाललं होतं. शेवटी वहिनींनी बजावलं की दात तुमचा आहे, पण ऐकून ऐकून कान माझे झिजलेत. या आठवड्यात ठरलं नाही तर मी एकटी मिरजेला जाते.

तेव्हा ठरलं. व्हिनीर. कारण मला आधीच माहीत होतं. "अल्लाने दिलेला दात कानशीने घासायचा आणि वर टोपी घालून तोच म्हणून मिरवायचा? मूळ प्रत ती मूळ प्रत."

काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टर भाटियांनी नेमका प्रश्न विचारला. "सर, दाँतों से कुछ काटने-खोलने की आदत तो नहीं? धागा, पैकेट, कुछ भी?"

"बिल्कुल नहीं," साहेब म्हणाले.

मी बाजूच्या स्टुलावर होतो. न राहवून मराठीत म्हणालो, "साहेब, त्या गाठी."

साहेबांनी माझ्याकडे न बघता, अत्यंत शांतपणे उत्तर दिलं, "गाठ सोडणं वेगळं मोघे. त्यांनी चावण्याबद्दल विचारलंय." बाईंनी काय म्हणताय म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले की हे माझे सहकारी आहेत, फार काळजी करतात. आणि तोंड उघडलं.

हे त्यांनी फसवायला केलं नाही, अशी माझी आजही खात्री आहे. आपण दातांनी गाठी सोडतो ही सवय आहे, असं त्या माणसाला मनापासून वाटतच नव्हतं. आपण श्वास घेतो त्याला जसं आपण सवय म्हणत नाही, तसंच.

व्हिनीर बसलं आणि साहेब पुन्हा साहेब झाले. दात असा बेमालूम की वहिनींनाही कुठला तो ओळखता येईना. त्या संध्याकाळी आमच्याकडे येऊन त्यांनी गोष्टीतला घोड्यांचा भाग घडाघडा म्हणून दाखवला. एक शब्द घरंगळला नाही. माझ्या बायकोने शेंगदाण्याचे लाडू पुढे केले तर हात जोडून म्हणाले, "संक्रांतीनंतर." त्यांना इतकं खूश मी क्वचितच पाहिलं होतं, आणि मलाही फार बरं वाटलं.

संक्रांतीच्या पहाटे धुकं असं की बसच्या काचेबाहेर फक्त पांढरं दिसत होतं. गाडी रांगत होती. मूर्थल यायलाच एरवी पानिपत येतं तेवढा वेळ लागला. नुकतंच बदली होऊन आलेलं नागपूरकडचं एक जोडपं पहिल्यांदाच सहलीला आलं होतं, त्यांची चार वर्षांची मुलगी भुकेने रडायला लागली. आईला नियम माहीत होता. ती बिचारी लेकीला थोपटत, कुजबुजत समजूत घालत होती. खाऊची पिशवी तिने मुद्दाम करकचून बांधून पायाशी ठेवली होती.

साहेब उठले. बसमधली सगळी डोकी वर झाली. ते त्या बाईपाशी गेले आणि म्हणाले, "पोरांना कसला नियम? नालबंदाचं पोर बरोबर असतं तर त्याने स्वतःच्या वाटचं दिलं असतं. आणा ती पिशवी." बोटं गारठलेली, प्लास्टिकची गाठ दगडासारखी. दोनदा त्यांनी नखाने खटपट केली. मुलीने आणखी मोठा सूर लावला. मग मान जराशी तिरकी झाली. मी पाठच्या सीटवरून "साहेब" म्हणेपर्यंत गाठ सुटली होती.

मुलीला लाडू मिळाला. साहेब मात्र पिशवी हातात धरून जिभेने दात चाचपत होते. मग सगळ्यांनी मोबाइलचे दिवे लावून सीटखाली शोधाशोध केली. कवच त्या मुलीच्या शालीवरच पडलेलं होतं, लसणीच्या पाकळीच्या सालाएवढं. तिनेच ते उचलून दिलं आणि आजोबा, तुमचं सांडलं, म्हणाली. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जागेवर येऊन बसले. खरवडलेला दात उघडा पडला होता. थंड हवा लागली की कळ मस्तकात जात होती. त्यांनी मफलर तोंडावर घेतला आणि धुक्याकडे बघत राहिले. मी शेजारी होतो. बऱ्याच वेळाने मफलरमधूनच म्हणाले, "त्यांनी गाठीबद्दलही विचारलं होतं मोघे."

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मधे लुडबूड नको. त्याच आठवड्यात साहेब डॉक्टर भाटियांकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं, अगदी बस्त्यापासून. बाई खूप हसल्या. व्हिनीर जपणाऱ्यांसाठी असतं, तुमचा दात कामावरचा आहे, असं म्हणाल्या. साहेबांनी कुणाचंही मत न घेता क्राउन करायला सांगितला. महिनाअखेरीला निरोपसमारंभ झाला, फेब्रुवारीत सामानाचा ट्रक गेला. मिरजेहून फोन येतात. दात पक्का आहे, आणि वहिनींनी घरातल्या प्रत्येक खोलीत एकेक कात्री टांगून ठेवली आहे. पण साहेब म्हटलं की मला दिसतात ते त्या संक्रांतीचे.

आम्ही पोहोचलो तेव्हा बागेत आमच्याखेरीज फारसं कुणी नव्हतं. धुक्यात तो स्मारकाचा खांबही अर्धाच दिसत होता. सतरंज्या अंथरल्या, माणसं बसली. साहेबांनी आज गोष्ट राहू दे म्हटलं असतं तर कुणी ब्र काढला नसता. ते पुढे गेले, उभे राहिले, मफलर खाली केला आणि म्हणाले, "त्या सकाळी छावणीत एकही चूल पेटली नाही."

बोलायला श्वास आत घ्यावा लागतो, आणि तो श्वास बर्फासारखा होता. पुढचं वाक्य सुरू करताच त्यांचा चेहरा पिळवटला. ते थांबले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा थांबले. डोळ्यांत पाणी आलं, ते कळेचं होतं की कशाचं कोण जाणे. मफलर परत तोंडावर गेला. त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली, जमत नाही अशी. मला वाटलं, संपली गोष्ट.

"नालबंद उठला आणि सवयीने भट्टीशी गेला."

आवाज मुलांच्या घोळक्यातून आला होता. कॉलनीतल्या जोशींची सई, दहावीतली. जन्मापासून दिल्लीत, घरीसुद्धा निम्मं हिंदी बोलणारी. जिला मागच्या आठवड्यात तिच्या आईने 'उंबरठा' शब्द समजावून सांगितला होता, ती मुलगी बसल्या जागेवरून, मान खाली घालून, साहेबांचं वाक्य जसंच्या तसं म्हणत होती. "भट्टीत विस्तव नव्हता. त्याने ऐरणीवर हात ठेवला. ऐरण थंड होती."

ती अडली तर तिच्या शेजारच्या मुलाने पुढचं वाक्य उचललं. मग चिटणीस, घोड्यांच्या पोटाला पाला नव्हता तो भाग. मग माझी बायको. गोष्ट सतरंजीवर इकडून तिकडे जात होती, आणि शब्द सगळे साहेबांचेच होते, त्यांच्या थांबण्याच्या जागासुद्धा त्यांच्याच. आपल्याला ती पाठ आहे हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, माझ्या तोंडून दोन वाक्यं निघेपर्यंत.

साहेब सावकाश चालत आले आणि माझ्या आणि मुलांच्या मधल्या जागेत सतरंजीवर मांडी घालून बसले. इतक्या वर्षांत त्यांना तिथे बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सई आता उठून उभी राहिली होती. नालबंद शेवटच्या घोड्याचा खूर मांडीवर घेतो तिथपर्यंत ती आली आणि तिला पुढचं आठवेना. तिने साहेबांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी एक शब्द पुरवला असता तरी भागलं असतं.

साहेब पुढे झुकले, मफलर जरासा सरकवला आणि हलक्या आवाजात तिला विचारलं, "मग? पुढे काय झालं?"